कुकरची रिंग आणि इंजिनाचं गॅस्केट

कुकरची रिंग गेली की ते आपल्याला शिट्टीच्या आधीच कळतं. झाकणाच्या कडेनं वाफ फुसफुसायला लागते, पाणी ओट्यावर येतं, डाळ शिजत नाही आणि गॅस मात्र जळत राहतो. अशा वेळी आपण काय करतो? कुकर भंगारात देतो का? नाही. गॅस बंद करतो, वाफ जाऊ देतो, रिंग काढून बघतो आणि ती ताठरली असेल तर बाजारातून त्याच मापाची नवी आणतो. त्यासाठी घरातल्या पुरुषाला हाक मारावी लागत नाही. उलट आपल्या कुकरला कुठल्या मापाची रिंग लागते हे त्याला बहुधा ठाऊकच नसतं.

मग मोटारीच्या इंजिनातली अशीच एक रिंग गेली, तेव्हा आख्खी गाडी भंगारात देण्याची पाळी माझ्यावर का आली होती? गेली काही वर्षं हा प्रश्न माझ्या डोक्यात घोळतो आहे. आज तो तुमच्यासमोर मांडते.

मी केज तालुक्यात शिक्षिका आहे. २०१८ च्या दिवाळीनंतर माझा नवरा हृदयविकाराच्या झटक्यानं गेला. मागे सासूबाई, शाळेत जाणारी मुलगी आणि अंगणात उभी असलेली तीन सिलिंडरची जुनी छोटी गाडी. मला गाडी चालवता येत होती, परवानाही होता. गाडी मात्र त्याच्या नावावर. तेराव्याला जमलेल्या पाहुण्यांनी शेताचा, घराचा, मुलीच्या लग्नाचा विषय काढला, तसा गाडीचाही काढला. ‘बाईमाणसाला गाडी कशाला? उभी राहून सडायची,’ असं सगळ्यांचं मत पडलं. मला कुणी विचारलंच नाही.

इथे एक कामाची गोष्ट सांगून ठेवते. गाडीचा मालक वारला तर वारसानं ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला तसं कळवायचं असतं, आणि ३ महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करायचा असतो. आपल्या जिल्ह्यात गाडीचा नंबर एमएच २३ असेल तर बीडला आणि एमएच ४४ असेल तर अंबाजोगाईला. मी तो फॉर्म भरला. ‘बघतो, करतो’ म्हणणाऱ्या दिरांची वाट पाहत बसले असते तर मुदत निघून गेली असती.

गाडी नावावर झाली. पण नावावर होणं वेगळं आणि ताब्यात येणं वेगळं, हे मला पुढच्या उन्हाळ्यात कळलं.

२०१९ चा मे महिना. त्या वर्षीचा दुष्काळ तुम्हाला आठवत असेल. गावोगावी टँकर, जनावरं चारा छावण्यांत. बीडहून केजला परत येताना मांजरसुंब्याचा घाट चढत होते. सोबत सासूबाई आणि मुलगी. गरमीचा काटा वर वर जाऊ लागला. थांबायला हवं होतं. पण भर दुपारी घाटात दोन बायका आणि एक पोर घेऊन थांबायची भीती वाटली. ‘पोचू कसंबसं’ म्हणत तशीच दामटली. ही चूक माझीच. घाट संपता संपता बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी बंद पडली.

दोरीनं ओढून गाडी घरी आणली. गॅरेजमधून एक मिस्त्री आला. त्यानं बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी काढून पाहिली आणि जे काही बोलायचं ते माझ्या दिरांशी बोलला. मी तिथेच उभी होते, गाडी माझ्या नावावर होती, चालवत मी होते, काटा मी पाहिला होता. पण ‘काय झालं होतं?’ हे त्यानं मला विचारलं नाही. ‘इंजिन गेलं. खर्च करण्यात अर्थ नाही,’ एवढं सांगून तो गेला. दुसऱ्या दिवशी दिरांनी गिऱ्हाईक आणलं. बारा हजार रुपये. ‘वैनी, कशाला जीवाला घोर लावून घेऊ लागल्या? देऊन टाका.’ दीर वाईट माणूस नाही. त्याला खरोखरच वाटत होतं की तो माझं ओझं कमी करतो आहे. आपल्या हातून वस्तू निघून जातात त्या दर वेळी कुणी हिसकावून घेतं म्हणून नाही. पुष्कळदा अशी माया करूनच त्या काढून घेतल्या जातात.

गाडी विकली गेली नाही ती सासूबाईंमुळे. ऑइलची पट्टी पुसायला म्हणून मी त्यांच्याकडे फडकं मागितलं. त्यांनी पट्टीवरचा करडा, फेसाळ चिकटा बोटावर घेतला आणि म्हणाल्या, ‘अगं, ह्यात तर पाणी गेलंय. दुधाच्या चहावानी झालंय.’ मग रेडिएटरच्या तोंडाशी बसलेला पांढरा थर नखानं खरवडला. ‘हे आपल्या बंबात बसतंय तसंच की. कोणतं पाणी घालत होतात?’

बोअरचं. दुष्काळात दुसरं कुठलं असणार? माझा नवरा बोअरचं घालायचा, मीही तेच घालत होते. ज्या पाण्यानं डाळ शिजत नाही, केस चिकटतात, बंबाला आतून थर चढतो, ते पाणी इंजिनाला तरी कसं चालेल? त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या पोटातल्या वाटांत बसतात, पाणी नीट फिरत नाही, उष्णता बाहेर जात नाही. म्हणून तिथे कूलंट घालायचं असतं, शुद्ध केलेल्या पाण्यात मिसळून. ते उशिरा उकळतं आणि गंजही धरू देत नाही. बाजारातल्या छोट्या डब्याचा हा प्रश्न होता. सासूबाई तिसरीपर्यंत शिकलेल्या. पण आयुष्यभर डोक्यावरून पाणी वाहिल्यामुळे कुठलं पाणी कशाला चालतं हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ते ज्ञान गाडीपर्यंत पोचलं नाही, कारण गाडीजवळ त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं.

आमच्या गल्लीत एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक चाचा राहतात. त्यांना दाखवलं. त्यांनी मला विचारलं, ‘ताई, पाणी कमी होत होतं का? खाली न सांडता? मागून पांढरा धूर येत होता का?’ दोन्ही होत होतं. थंड इंजिन चालू करून रेडिएटरमध्ये पाहिलं तर बुडबुडे. चाचा म्हणाले, ‘इंजिन नाही गेलं. हेडचं गॅस्केट गेलंय. हेड वाकलं असेल तर घासून सरळ करून मिळतं.’ मग म्हणाले, ‘माझे गुडघे आता वाकत नाहीत. तुम्ही खोला, मी सांगतो.’

इंजिनाचे ढोबळ दोन भाग. खालचा ब्लॉक, ज्यात दट्टे वरखाली होतात, आणि वरचं झाकण म्हणजे हेड. दोन्हींच्या मध्ये एक पातळ, भोकं पाडलेला पत्रा किंवा जाड थर असतो, तेच गॅस्केट. त्याला एकाच वेळी तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवायच्या असतात: जळणाऱ्या इंधनाचा दाब, थंड ठेवणारं पाणी आणि वंगणाचं ऑइल. बऱ्याच गाड्यांत हेड ॲल्युमिनियमचं असतं. ते फार तापलं की वाकतं, गॅस्केटवरची पकड सुटते आणि तिन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतात. म्हणजे कुकरच्या झाकणासारखंच. फक्त कुकरला एक रिंग आणि एक झाकण, इथे बोल्ट जास्त.

शाळेला सुट्टी होती. मी आणि मुलीनं लिंबाच्या सावलीत काम काढलं. आधी बॅटरीची तार सोडली. पाणी आणि ऑइल काढलं. प्रत्येक वायरीला, नळीला चिकटपट्टी लावून मुलीनं नंबर घातले आणि वहीत चित्र काढलं. टायमिंगचा पट्टा काढायच्या आधी खुणा जुळवून घेतल्या, कारण ती जुळणी चुकली तर नवं गॅस्केट घालूनही उपयोग नाही. हेडचे बोल्ट सैल करायचे ते कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे करून. एकदम एकच बोल्ट काढला तर हेड आणखी वाकतं. काही बोल्ट इतके घट्ट होते की पान्ह्याला लोखंडी पाइप लावून दोघींनी जोर केला. हेड सुटलं तेव्हा दोन सिलिंडरांच्या मधली गॅस्केटची पट्टी जळून काळी पडलेली दिसली. बिघाड पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. ‘इंजिन गेलं’ याचा अर्थ बोटभर जळलेली पट्टी!

हेडवर स्टीलची पट्टी उभी धरून खालून फिलर गेजची पातळ पाती घालून पाहिली. मध्ये फट होती. हेड बीडला लेथवर फेसिंगला नेलं. लेथवाल्यानं आधी माझ्या मागे कोण आहे का ते पाहिलं, मग काम घेतलं आणि चोख करून दिलं. तोवर आम्ही ब्लॉकचा पृष्ठभाग ओरखडा न पडू देता साफ केला, रेडिएटर सफाईला दिला. बोल्टच्या भोकांतलं पाणी आणि ऑइल पुसून घेतलं. चाचांनी यासाठी दोनदा बजावलं होतं. भोकात पाणी राहिलं तर बोल्ट आवळल्यासारखा वाटतो, पण आवळलेला नसतो.

नवं गॅस्केट बसवताना वरची बाजू वर आहे ना, ते पाहायचं. बोल्ट आवळताना क्रम उलटा: मध्यापासून कडेकडे, एका दमात नाही तर दोन-तीन फेऱ्यांत. भाकरी थापताना आपण मध्यापासून कडेकडे जातो ना, तसंच. जोर किती द्यायचा ते अंदाजानं ठरवायचं नाही. त्यासाठी टॉर्क रेंच नावाचा पान्हा मिळतो, ठरवलेल्या जोरावर आला की तो खट्‌कन आवाज देतो. तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. काही गाड्यांचे हेड बोल्ट पुन्हा वापरता येत नाहीत, नवेच घालावे लागतात. डिझेलच्या गाड्यांत गॅस्केटची जाडीही वेगवेगळी येते. म्हणून पुस्तक वाचल्याशिवाय हात घालू नये. मग टॅपेट, पट्टा, नवं ऑइल, कूलंट. चौथ्या दिवशी संध्याकाळी गाडी सुरू झाली. सगळा खर्च साडेतीन हजारांच्या आत. ती गाडी पुढे आणखी काही वर्षं मला शाळेत नेत होती.

मैत्रिणींनो, हे मी शौर्यकथा म्हणून सांगत नाही. चाचा नसते तर मला हे जमलं नसतं. मला सांगायचं आहे ते वेगळंच. ज्या वस्तूच्या आत काय आहे हे आपल्याला माहीत नसतं, ती आपल्या नावावर असली तरी आपली नसते. तिचा बिघाड काय, किंमत काय, ठेवायची की विकायची, हे दुसराच कुणीतरी ठरवतो.

१९८६ साली शेतकरी संघटनेचं महिलांचं अधिवेशन चांदवडला भरलं. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम घेतली आणि अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. सातबाऱ्यावर नाव लागणं ही मोठीच गोष्ट. पण आपल्या जिल्ह्यात कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या कितीतरी घरांत आज सातबारा बाईच्या नावावर आहे आणि विहिरीवरचं इंजिन मात्र बंद आहे. इंजिन चालू करायलाही दुसऱ्याला हाक मारावी लागते. मग हळूहळू जमीनही त्यालाच बटईनं दिली जाते.

महाराष्ट्रातल्या विहिरींवर किर्लोस्करांची इंजिनं धडधडत होती. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली सुरू झाली. त्याच किर्लोस्कर घराण्यानं १९३० साली ‘स्त्री’ मासिक काढलं, ज्यानं मराठी बाईला वाचायला, विचार करायला लावलं. एकाच घराण्यानं महाराष्ट्राला इंजिनही दिलं आणि बायकांचं मासिकही. पण इंजिन विहिरीवर गेलं आणि मासिक माजघरात. दोन्ही एकाच बाईच्या हातात क्वचितच पडली.

बायकांना यंत्र झेपत नाही म्हणावं, तर १९७४ साली टेल्कोनं ‘महिलांनी अर्ज करू नये’ अशी जाहिरात दिली तेव्हा सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना कार्ड लिहून जाब विचारला आणि कारखान्यात इंजिनिअर म्हणून रुजू झाल्या. आपल्या शेजारच्या परभणीची शीला डावरे १९८८ साली पुण्यात रिक्षा चालवू लागली. आज पुण्याजवळच्या मोटार कारखान्यांत मुली गाड्या जोडतात. कारखान्यात जी मुलगी बोल्ट आवळते, तीच गावी परतल्यावर बॉनेट उघडू लागली की घरचे म्हणतात, ‘सर बाजूला, तुला काय कळतंय?’ कंपनीला तिचा हात चालतो, कारण तिथे गाडी तिची नसते.

एक गोष्ट जड मनानं लिहिते. २०१९ च्या त्याच उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर गाजत होतं, ते ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांमुळे. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली. साधा आजार घेऊन गेलेल्या बाईला ‘कॅन्सर होईल, पिशवी काढून टाक’ असं सांगितलं गेलं. एक खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, उचल फिटत नाही, म्हणून तिनंही मान हलवली. बाईचं शरीर म्हणजे इंजिन नव्हे, आणि माझं नुकसान त्यांच्या नुकसानीपुढे काहीच नाही. पण रीत तीच आहे. आत काय बिघडलंय हे ज्याला कळतं, त्याच्याच हातात दुरुस्तीचा पैसा. जिला कळत नाही तिला ताडून पाहायला जागाच नाही. स्त्री चळवळीनं आपलं शरीर आपण ओळखायला शिकू या, असं म्हटलं ते उगाच नाही. तोच विचार घरातल्या यंत्रापर्यंत न्यायला काय हरकत आहे?

काहीजणी म्हणतील, ‘आधीच स्वयंपाक, पाणी, शेत, पोरं, आणि आता इंजिनही आमच्याच गळ्यात?’ हा आक्षेप खरा आहे. सगळ्यांनी हेड खोलावं असं मी म्हणत नाही. गॅरेजमधला मिस्त्रीही कष्टकरी आहे, लहानपणापासून हात काळे करून शिकलेला आहे. त्याची मजुरी त्याला मिळालीच पाहिजे. माझं भांडण त्याच्या मजुरीशी नाही, माझ्या डोक्यावरून दिराशी बोलण्याशी आहे. काम त्यानं करावं. निर्णय मात्र मी करावा, आणि तो करण्यापुरतं मला कळावं.

म्हणून काही सुचवते. घरातल्या गाडीची, ट्रॅक्टरची, पंपाची कागदं कुणाच्या नावावर आहेत ते आजच पाहा. आठवड्यातून एकदा थंड इंजिनाचं ऑइल आणि पाणी स्वतः तपासा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, वाफ भरलेला कुकर उघडत नाही तसंच. काटा वर गेला की थांबा, मी केलं ते करू नका. दुरुस्तीच्या वेळी बदललेला जुना भाग मागून घ्या आणि डोळ्यांनी पाहा. सरकारी आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. त्या फक्त शिवणकामासाठी नाहीत, मोटार मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिकलाही आहेत. मुलीनं तिकडे नाव घालते म्हटलं तर अडवू नका.

आणि बचत गटांना एक सुचवणं. लोणचं-पापडाच्या बरोबरीनं गटाच्या नावे एक पान्ह्यांची पेटी घ्या. आम्ही घेतली आहे. रिंग पान्हे, बॉक्स पान्हे, पक्कड, फिलर गेज आणि टॉर्क रेंच. आजवर ती शेजारच्या दोन गावांत फिरून आली. एकीनं विहिरीवरचं इंजिन खोललं, एकीला नुसतं स्कूटीचं चाक काढायचं होतं. पेटी आमच्या ओसरीवर असते. हवी असेल तिनं खुशाल न्यावी. फक्त वापरून झाल्यावर टॉर्क रेंच सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवावा, नाहीतर त्याची स्प्रिंग बिघडते.